हृदयावरचा व्रण, हार्टच्या गोळ्या आणि अर्जुनसाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हार्टचे बरेच पेशंट दोन फायली बाळगतात. एक मुंबई नाक्याकडच्या कार्डिओलॉजिस्टची, दुसरी पंचवटीतल्या वैद्यांची. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही पदव्या देतं, पण त्या दोन फायली एका टेबलावर क्वचितच उघडल्या जातात. औषधाच्या काउंटरवर मात्र दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीतून बाहेर निघतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तुमची गोळी बदलायची असेल तर ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

वडिलांच्या एमआरआय रिपोर्टवर ‘स्कार’ असं लिहिलंय. म्हणजे नक्की काय?

अ‍ॅटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या पलीकडचा स्नायू काही तासांत मरतो. हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे शरीर तिथे कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंचं ठिगळ लावतं आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत ते पक्कं होतं. त्यालाच व्रण किंवा स्कार म्हणतात.

हे ठिगळ शत्रू नाही. ते वेळेत तयार झालं नाही तर हृदयाची भिंत फाटू शकते. अ‍ॅटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांत कधी कधी असं घडतंही, आणि ते बहुतेक वेळा जिवावर बेततं. म्हणूनच त्या काळात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका असं बजावलं जातं. या गोळ्या व्रण नीट भरू देत नाहीत, शिवाय पुन्हा अ‍ॅटॅक येण्याचा धोकाही वाढवतात.

त्रास असा की ठिगळ आकुंचन पावत नाही, त्यामुळे पंपिंग कमी होतं. त्याच्या कडेने विजेचे संदेश वेडेवाकडे फिरले तर ठोके अचानक बिघडू शकतात.

हा व्रण औषधाने विरघळतो का?

पक्का झालेला व्रण विरघळवणारं औषध आज कुणाकडेच नाही, ना गोळीत ना काढ्यात. ‘व्रण शंभर टक्के साफ’, ‘ब्लॉकेज गायब’ अशी जाहिरात दिसली तर ती करणाऱ्याला प्रश्न विचारायला हवेत. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा आहे, आणि ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत हृदयरोगही आहेत.

पण फायब्रोसिसचा, म्हणजे कोलॅजन साचण्याचा, दुसराही एक प्रकार आहे आणि खरी आशा तिथे आहे. जिवंत राहिलेल्या स्नायूत, पेशीपेशींच्या मध्ये, कोलॅजन हळूहळू साचत जातं आणि स्नायू निबर होतो. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, अ‍ॅटॅकनंतर उरलेल्या स्नायूवर पडलेला जादा भार ही त्याची कारणं. अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं आणि टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन यांच्या हुकमावर हे काम चालतं. हा निबरपणा रोखता येतो आणि काही प्रमाणात मागेही फिरवता येतो. पुढे ‘फायब्रोसिस कमी करणे’ असं म्हटलं असेल तिथे हा दुसरा प्रकार समजा.

माझ्या गोळ्यांपैकी या कामाच्या कोणत्या?

नावाचा शेवट बघा. ‘-प्रिल’ असेल, जसं रामिप्रिल किंवा एनालाप्रिल, तर ती गोळी अँजिओटेन्सिन तयार होणं कमी करते. ‘-सार्टन’ असेल, जसं टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन, तर ती त्याचं काम अडवते. पंपिंग बरंच कमी असलेल्यांना सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन देतात.

स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन अल्डोस्टेरॉनची जागा अडवतात, आणि फायब्रोसिसच्या बाबतीत सर्वात सरळ पुरावा यांचाच आहे. १९९९ च्या ‘रेल्स’ चाचणीत हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग शरीराला पुरेनासं होणं) बळावलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. त्यातल्याच काही रुग्णांच्या रक्तात कोलॅजन तयार होत असल्याच्या खुणाही कमी झालेल्या दिसल्या. पुष्कळ पेशंट स्पायरोनोलॅक्टोनला ‘लघवीची गोळी’ समजतात आणि सूज उतरली की बंद करतात. असं करू नका.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या गोळ्या ठोके आवरतात आणि फुगत चाललेलं हृदय पूर्ववत व्हायला मदत करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन मूळच्या मधुमेहाच्या, आता मधुमेह नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरसाठी मिळतात. त्यांनी हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी येते, एवढं नक्की.

फुप्फुसाच्या फायब्रोसिससाठी वापरलं जाणारं पिरफेनिडोन हृदयावरही तपासलं गेलं. २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत एमआरआयवर निबरपणा थोडा कमी झालेला दिसला, पण हृदयासाठी ते अजून नेहमीच्या वापरात नाही. इंटरनेटवर वाचून मागायला येऊ नका.

अर्जुनसालीचा खरंच उपयोग होतो का?

परंपरा जुनी आहे. चक्रदत्त या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात अर्जुनाच्या सालीचं चूर्ण तुपाबरोबर, दुधाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं आहे. आपल्याकडच्या घराघरांत चालणारा अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळलेली साल, त्याच वळणाचा.

आता प्रयोगाचं. उंदरांमध्ये औषध टोचून हृदयात फायब्रोसिस घडवलं आणि सोबत अर्जुन दिला, तर कोलॅजन कमी साचतं असं भारतीय संशोधकांनी दाखवलं आहे. माणसांवर १९९५ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. औषधांना दाद न देणाऱ्या हार्ट फेल्युअरचे अवघे १२ रुग्ण होते, नेहमीच्या गोळ्यांसोबत दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम सालीचा अर्क दिला आणि त्यांची लक्षणं सुधारली. बाजारातल्या बहुतेक पुड्यांवरचा उत्साह इथून आलेला आहे. पुढे एम्सच्या डॉक्टरांनी सुमारे शंभर रुग्णांवर, दिवसातून दोनदा ७५० मिलिग्रॅम असा १२ आठवडे अर्क देऊन, कुणाला खरा कुणाला खोटा हे झाकून चाचणी केली. ती २०१६ मध्ये आली आणि पंपिंगमध्ये फरक दिसला नाही.

म्हणजे अर्जुन निरुपयोगी ठरला का? माझ्या मते तसं म्हणणं घाईचं होईल. बारा आठवड्यांत निबरपणा मोजता येईल अशी ती चाचणीच नव्हती. पण ‘अर्जुनाने हृदयावरचे व्रण जातात’ असं माणसाबद्दल म्हणायला आज आधार नाही, हेही तितकंच खरं. योग्य मात्रेत, गोळ्यांच्या जोडीला, दोन्ही डॉक्टरांना सांगून घेतलात तर त्रास सहसा किरकोळ असतो: मळमळ, बद्धकोष्ठ, क्वचित रक्तदाब जरा जास्त उतरून चक्कर.

गोळ्या आणि वनौषधी एकत्र देऊन मोठा फायदा कुठे सिद्ध झालाय का?

चीनमध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. ‘क्वेस्ट’ चाचणीत पंपिंग कमी असलेल्या ३,११० रुग्णांना आधुनिक गोळ्या चालू ठेवून, जोडीला चीलीचांगशिन नावाची अकरा वनस्पतींची कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली. साधारण दीड वर्षात हृदयरोगाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आलं. दुसरी अ‍ॅटॅकच्या ३,७७७ रुग्णांवरची, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यात थोंगशिनलुओ या औषधाने पहिल्या तीस दिवसांतल्या गंभीर घटना ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. दोन्हीकडे पारंपरिक औषध गोळ्यांच्या *जोडीला* होतं, एकाचीही गोळी काढून घेतली नव्हती. आणि दोन्ही औषधं कारखान्यात ठरावीक प्रमाणात बनवलेली, प्रत्येक कॅप्सूलमध्ये तेवढाच अर्क असलेली होती. चीलीचांगशिनमधल्या अकरांपैकी एक वनस्पती आपल्या विषारी बचनागाच्या कुळातली, शोधन करून वापरलेली. घरच्या खलबत्त्यात करायचा तो प्रयोग नव्हे. शिवाय मोजले गेले ते मृत्यू आणि भरती. व्रण किती आटला, हे या आकड्यांतून कळत नाही.

माझा हट्ट एवढाच की असंच काम आपल्या अर्जुनावर, हजारो रुग्णांवर व्हायला हवं. दोन्ही शाखांची परीक्षा घेणारं विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथून ही मागणी उठली तर काय वाईट?

काढा चालू केल्यावर गोळ्या कमी केल्या तर चालेल?

नाही. बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारखी गोळी) एकदम थांबवला तर छातीत दुखणं उसळू शकतं, अ‍ॅटॅकही येऊ शकतो. स्टेंट नवा असताना क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर ही रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

घसा धरतो म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळतो. त्याचा हार्टशी काय संबंध?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. ते अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसू शकतं, पण मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याला आधीच निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हायझिन नेमकं त्याच एन्झाइमला थोपवतं. मग कॉर्टिसॉल मोकळेपणी अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं: मीठ आणि पाणी अंगात धरलं जातं, रक्तदाब चढतो, पायावर सूज येते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन जे दार बंद करायला दिलं आहे, तेच ज्येष्ठमध उघडतं. सोबत डिगॉक्सिन किंवा फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर कमी झालेल्या पोटॅशियममुळे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात.

एखाद्या दिवशी काडी चघळली म्हणून आभाळ कोसळत नाही. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने निरोगी माणसालाही रोज १०० मिलिग्रॅम ग्लायसिऱ्हायझिनपेक्षा जास्त नको असं सुचवलं आहे. हार्ट फेल्युअर आणि रक्तदाब असलेल्यांनी रोजचा वापर टाळलेलाच बरा. आणि तो नकळत होतो, ही खरी अडचण. आम्लपित्ताची चूर्णं, खोकल्याची सिरपं, गळ्याच्या वड्या, पानाचे मसाले, सगळीकडे ज्येष्ठमध असतं. लेबलवर ते ‘यष्टिमधु’ किंवा ‘मुलेठी’ नावाने सापडेल.

सुजेसाठी वैद्यांनी पुनर्नवा दिलाय. चालेल का?

पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. पावसाळ्यात तिची भाजी खाल्लीत तर काही बिघडत नाही. काढा किंवा पुनर्नवा मंडूर (पुनर्नवा आणि लोहाचं भस्म घालून केलेली गोळी) रोज घेणार असाल तर मात्र दोन हिशेब आहेत. लघवीच्या गोळीबरोबर पाणी जास्त निघून अशक्तपणा, चक्कर येऊ शकते. दुसरा हिशेब पोटॅशियमचा, आणि तो ज्येष्ठमधाच्या अगदी उलट. ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ अधिक स्पायरोनोलॅक्टोन ही जोडी पोटॅशियम वाढवते. त्यात पोटॅशियमयुक्त काढा, रोज शहाळं, आणि ‘बीपीसाठी चांगलं’ म्हणून आणलेलं लो-सोडियम मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, अशी भर पडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं. ते फार चढलं तर काही लक्षण दिसायच्या आत हृदय थांबू शकतं. ‘रेल्स’ चाचणीनंतर कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात स्पायरोनोलॅक्टोनचा वापर झपाट्याने वाढला आणि पाठोपाठ पोटॅशियम चढून भरती होणारेही वाढले. तिथे काढा नव्हता, नुसत्या गोळ्या होत्या.

या गोळ्या सुरू केल्यावर साधारण एका आठवड्याने, मग महिन्याने आणि पुढे ठरलेल्या अंतराने रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा. नवा काढा सुरू केला तर पुन्हा एकदा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. लसूण, आलं, हळद बंद करू का?

जेवणातलं काही बंद करू नका. प्रश्न येतो तो कॅप्सूल, अर्क आणि उपाशीपोटी वाट्या-वाट्या रसाचा. लसूण, आलं आणि हळदीचे अर्क रक्तातल्या प्लेटलेट्सचं चिकटणं थोडं कमी करतात, अर्जुनाचाही तसा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या वर हे सगळं चढलं की हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शी.

वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी तर कोणतीही नवी वनौषधी सुरू करताना आणि थांबवतानाही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासायलाच हवा. डानशेन या चिनी वनौषधीमुळे वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर भलताच वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

हळदीचा अर्क मिऱ्यासह घ्यायचा का?

हळदीतलं कर्क्युमिन नुसतं घेतलं तर पोटातून रक्तात फारसं पोचत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातल्या पिपरिनबरोबर ते सुमारे वीस पट पोचतं. आता कॅप्सूलवाले तेच छापतात. पण पिपरिन फक्त हळदीला आत सोडत नाही, ते प्रोप्रानोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. आमटीतले मिरे खुशाल खा, पिपरिनची कॅप्सूल विचारून.

कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ?

इथे उलटा प्रकार आहे. १९९४ च्या एका भारतीय अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतलेलं प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम रक्तात कमी पोचलं. गोळी घेतली, पण पुरती लागू पडली नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असताना स्नायू दुखू लागले तर गुग्गुळ घेताय हे डॉक्टरांना आधी सांगा.

अर्जुनारिष्ट घेऊ का? आणि आपल्या नाशिकची रेड वाइन?

अर्जुनारिष्ट, जुनं नाव पार्थाद्यरिष्ट, यात अर्जुनसालीबरोबर मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं आणि गूळ असतो. म्हणजे द्राक्ष त्यातही आलंच! ते आंबवलेलं असल्यामुळे त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि साखरही. मधुमेह असेल, यकृताची तक्रार असेल, किंवा दारूमुळेच हृदय कमजोर झालं असेल, तर अरिष्टाऐवजी दुसरं काही द्या असं वैद्यांना म्हणा.

वाइनबद्दल विचारणारे डोळ्यात चमक घेऊन विचारतात. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलने उंदरांमध्ये फायब्रोसिस कमी होतं, हे खरं. पण लिटरभर वाइनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं. प्रयोगातला डोस गाठेपर्यंत यकृत हात टेकेल. कमजोर हृदयासाठी वाइन औषध म्हणून घेऊ नका.

दुधीचा रस?

कडू लागला तर एक घोटही गिळू नका, थुंकून टाका. कडू दुधीतल्या विषारी घटकांनी रक्ताच्या उलट्या आणि मृत्यू झाले आहेत. भाजी बिनधास्त खा.

हृदयार्णव रस किंवा सोन्या-पाऱ्याची औषधं?

हृदयार्णव रसात पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं. अशी रसौषधी ओळखीच्या, पदवीधर वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. हार्ट फेल्युअरमध्ये मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं, म्हणून मी तर अशा रुग्णाने ती टाळावी याच मताचा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. लेबलशिवायच्या पुडीत काय आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी ताजी साल मिळते. ती दुकानातल्यापेक्षा चांगली ना?

ताजी असेल, पण अर्जुनाचीच आहे का? अर्जुनाच्याच (अर्जुनसादड्याच्या) कुळातला ऐन हा वृक्ष आपल्या पेठ-सुरगाण्याच्या रानात भरपूर आहे. उभं झाड सहज ओळखता येतं: अर्जुनाचं खोड गुळगुळीत आणि फिकट, ऐनाचं मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. सुकलेल्या तुकड्यात ते कठीण होतं आणि चूर्णात तर अशक्यच. बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेलं घ्या.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’, आजी म्हणते ते चुकीचं का?

आजीला कळलावी आठवते का विचारा. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, खाल्ली तर माणूस दगावतो. तेच कोल्चिसिन मोजून रोज अर्धा मिलिग्रॅम दिलं, तर अ‍ॅटॅकनंतरच्या पुढच्या घटना कमी होतात असं २०१९ च्या ‘कोल्कॉट’ चाचणीत दिसलं, आणि २०२४ मध्ये आलेल्या आणखी मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. वनस्पतीत ताकद असते, म्हणूनच ती मोजावी लागते.

सुधारणा होतेय हे कशावरून कळेल?

टू-डी इकोवर पंपिंग आणि हृदयाचा आकार कळतो, व्रण थेट दिसत नाही. व्रण दिसतो तो गॅडोलिनियम नावाचं कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून देऊन केलेल्या कार्डियाक एमआरआयवर, आणि पसरलेला निबरपणा त्याच यंत्रावरच्या टी-१ मॅपिंगने मोजतात. दर सहा महिन्यांनी एमआरआय करायची गरज नसते. घरी रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय, डॉक्टरांना फोन करा.

कार्डिओलॉजिस्टना काढ्याचं सांगितलं तर रागावतील. काय करू?

रागावतील कदाचित. तरी सांगा. ‘आयुर्वेदिक घेतोय’ एवढं पुरत नाही. बाटलीचा आणि पुडीचा लेबलसकट फोटो, मात्रा, कधीपासून, हे दाखवा. तसंच गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात किंवा तुमच्या वैद्यांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी आणि शेवटचा क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट न्या. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. तीन चूर्णं एकदम चालू केलीत आणि पुरळ उठली, तर दोष कुणाला द्यायचा? त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते.

पुढच्या महिन्यात बायपास आहे. काढा कधी थांबवू?

साधारण दोन आठवडे आधी सगळ्या वनौषधी थांबवतात: रक्तस्राव आणि भुलीच्या औषधांशी होणारा गोंधळ टाळण्यासाठी. अ‍ॅस्पिरिन, बीपीच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन यांपैकी काय कधी बंद करायचं, ते सर्जन ठरवतील, तुम्ही नाही. तातडीने न्यावं लागलं, मग ते शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात असो की खासगी, तर घरी चालू असलेल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांच्या हातात द्या. टाके सुकून, क्रिएटिनिन ताळ्यावर येऊन, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डोस स्थिर झाल्यावरच वैद्यांची पुढची भेट घ्या.